शेततळ्यात मासेही वाढू द्या

'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली आणि आमच्या पुरंदरच्या अंजीर-सीताफळाला उन्हाळ्यात आधार झाला. पण बहुतेक तळ्यांत नुसते पाणीच साठते. आम्ही त्यात कटला, रोहू, मृगळ हे मासे सोडले. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी; एकमेकांच्या घासावर कोणी जात नाही. माशांच्या विष्ठेतला नत्र पाण्यातून बागेला मिळतो. ते हिरवट पाणी दिल्यापासून अंजिराच्या पानांवर गर्द हिरवी काळोखी आली आहे. ठिबकचा फिल्टर मात्र वरचेवर धुवावा लागतो.

खरी अडचण बोटुकलीची, म्हणजे तळ्यात सोडायच्या बोटभर पिल्लांची. गेल्या पावसाळ्यात लांबून आणलेल्या पिशव्यांतली निम्मी पिल्ले बांधावर पोहोचेपर्यंत पांढरी पडून तरंगत होती. मन कळवळले. शासनाने तालुक्यातच मत्स्यबीज उपलब्ध करावे, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, सासवड (जि. पुणे)