आण्णा, मे महिन्यात इकडं याच

डि मॉइन, आयोवा

ती. आण्णा, आई आणि आजी,
सगळ्यांना साष्टांग नमस्कार.

फोन रोज होतो तरी हे एवढं मोठं टाइप करून पाठवतेय, कारण फोनवर आण्णा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणतात आणि माझं सांगायचं राहूनच जातं. दादा, तू हे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव, आजीला नीट ऐकू येईल असं.

आण्णा, परवा तुम्ही म्हणालात की न्यूयॉर्क वगैरे असतं तर आलो असतो, त्या तुमच्या आयोवात बघायचं काय, नुसता मका. मका आहेच हो, मक्यात हे राज्य अख्ख्या अमेरिकेत एक नंबर, अंड्यांत एक नंबर, डुकरांत पण एक नंबर. पण मला अगदी मनापासून वाटतं की जन्मभर शेती केलेल्या माणसानं अमेरिकेत एकच ठिकाण बघायचं असेल तर ते हेच बघावं, आणि का ते आज सविस्तर सांगते.

आधी ते सांगते जे तुम्हाला माहीत नसणार. आमच्या शहराच्या मधून नदी जाते, तिचं पण नाव डि मॉइनच. तिच्या काठावर १९०३ सालची एक देखणी दगडी इमारत आहे, पूर्वी ती गावाची लायब्ररी होती, आता तिथं वर्ल्ड फूड प्राइझचं सभागृह आहे, २०११ पासून. म्हणजे गव्हाचे नॉर्मन बोरलॉग, तुम्ही ज्यांचं नाव घेता ते, ते इथलेच, याच आयोवातल्या क्रेस्को गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी १९१४ साली जन्मलेले. त्यांना १९७० ला शांततेचं नोबेल मिळालं पण शेतीसाठी वेगळं नोबेल नसतंच, म्हणून त्यांनी १९८६ मध्ये हा पुरस्कार सुरू करवला, आणि दर वर्षी ऑक्टोबरात जगातल्या अन्नासाठी काम केलेल्या माणसाला इथं बोलावून देतात. पहिला मिळाला १९८७ ला, कुणाला, तर आपल्या स्वामिनाथन यांना. मग १९८९ ला कुरियन. आम्ही असं एकेक नाव वाचत चाललो होतो आणि १९९८ पाशी आले तर समोर बद्रीनारायण बारवाले! जालन्याचे! माझ्या अंगावर काटाच आला. मी ह्यांना ओढत तिथं आणलं, म्हटलं हे आमच्या जालन्याचे, आमच्या घरात यांच्या बियाण्याच्या पिशव्या असायच्या. खरंच असायच्या की नाही आई, महिकोच्या रिकाम्या पिशव्यांत तू तूरडाळ भरून ठेवायचीस. १९६४ ला जालन्यात बियाण्याचं काम सुरू केलेल्या माणसाचं नाव जगाच्या दुसऱ्या टोकाला इतक्या मानानं लावलंय आणि शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या बाईला मी सांगितलं तर ती म्हणाली मी पण शेतकऱ्याचीच मुलगी, मग आमच्या दोघींच्या अर्धा तास गप्पा. तिच्या वडिलांकडं मका आणि सोयाबीन, तुमच्याकडं कापूस आणि मोसंबी, पण पाऊस, भाव आणि खताचा खर्च यावर बोलणं अगदी तेच.

बोरलॉग यांच्या त्या बुटक्या गव्हाचं १८,००० टन बी भारतानं १९६६ मध्ये मेक्सिकोहून मागवलं होतं, त्यातूनच पुढचं सगळं घडलं. आजी, तू सांगतेस ना ७२ च्या दुष्काळातलं, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत, तो मिलो पण अमेरिकेतूनच आलेला. तुझं ते बोलणं मला त्या सभागृहात सारखं आठवत होतं. ज्यानं कधी उपास काढलाय त्याला त्या भिंतींवरच्या नावांची जी किंमत कळेल ती दुसऱ्याला नाही कळणार, म्हणून मला तुला तिथं न्यायचंच आहे. (ते रोज उघडं नसतं, ठराविक दिवशीच असतं, तो दिवस बघून जाऊ.)

आणि आण्णा, हायब्रीडचं म्हणाल तर हायब्रीड मक्याची पहिली मोठी कंपनी पण याच भागात निघाली, १९२६ मध्ये, हेन्री वॉलेस नावाच्या माणसानं काढली आणि तोच पुढं अमेरिकेचा उपराष्ट्रपती झाला. बियाणं विकणारा माणूस उपराष्ट्रपती! इथं शेतीला केवढा मान आहे ते यावरून कळतं.

गावाच्या कडेला लिव्हिंग हिस्टरी फार्म्स म्हणून आहे, ते तर तुम्हाला पूर्ण दिवस लागणार. तिथं तीन काळांतली शेती खरोखर करून दाखवतात, १७०० सालची इथल्या मूळच्या आयोवे लोकांची झाडाच्या सालींची घरं आणि त्यांची मका-भोपळ्याची लागवड, मग १८५० चं शेत, तिथं बैलांवर काम चालतं, मग १९०० चं, तिथं घोडे. कामाला असलेली माणसं त्या त्या काळातले कपडे घालून चुलीवर स्वयंपाक करत असतात. बैलांच्या मानेवर लाकडाचं जड जू असतं, आपल्यापेक्षा जाड, आणि खालून मानेभोवती वाकवलेल्या लाकडाचा गोल. हे बघून तुम्ही त्या माणसाला नक्की काहीतरी सुचवाल! १९७९ ला पोप इथं आले होते, जॉन पॉल दुसरे, आणि ते यायचं कारण म्हणजे एका साध्या शेतकऱ्यानं त्यांना हातानं पत्र लिहून बोलावलं होतं. साडेतीन लाखांच्या आसपास माणसं जमली होती त्या माळावर. मला ही गोष्ट फार आवडते.

आता आईसाठी. मे ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळी कोर्ट ॲव्हेन्यूवर बाजार भरतो, गाड्या बंद करून रस्त्यावरच, शेतकरी स्वतः माल घेऊन येतात. मला तिथं कोवळी वांगी, तिखट मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या मिळतात आणि त्या विकणाऱ्या बायका बहुतेक लाओस, व्हिएतनामकडच्या. त्या इथं कशा आल्या ते पण ऐक, १९७५ मध्ये ताई दाम नावाचा समाज युद्धामुळं देशोधडीला लागला होता, तेव्हा आयोवाचे गव्हर्नर होते रॉबर्ट रे, त्यांनी सांगितलं आमच्याकडं या, आणि सगळ्यांना एकत्र इथं आणून वसवलं, कुणाला वेगळं पाडलं नाही. आज त्यांची तिसरी पिढी इथं आहे. नदीकाठच्या आशियाई बागेला त्या गव्हर्नरांचंच नाव दिलंय. भाजीवालीशी माझी आता चांगली ओळख झालीय, तिला इंग्रजी कमी येतं पण ती मला वांगी निवडून देते आणि पिशवीत एक मूठ मिरच्या वरून टाकते.

पेलाचं सांगायलाच हे पत्र सुरू केलं होतं खरं तर. इथून साधारण सत्तर किलोमीटरवर छोटं गाव आहे, सगळं डच लोकांचं. १८४७ मध्ये आठशेच्या आसपास माणसं हॉलंडहून शोल्टे नावाच्या धर्मगुरूबरोबर निघाली, तिथल्या सरकारी चर्चशी त्यांचं पटत नव्हतं म्हणून, आणि या माळरानावर येऊन राहिली. घरं नव्हती तर पहिला हिवाळा जमिनीत खड्डे करून वर गवत शाकारून काढला. इथला हिवाळा म्हणजे काय असतो ते मला आता माहिती आहे, त्यामुळं ते वाचताना पोटात गलबलून येतं. आणि त्या माणसांनी आपलं काही सोडलं नाही बघा. आज तिथं चौकात पवनचक्की आहे, १२४ फूट उंच, २००२ ला हॉलंडमध्ये बनवून सुटे भाग जहाजानं आणून इथं उभी केली. शोभेची नाही, चालती आहे. आजी, आत खरं दगडी जातं आहे, प्रचंड मोठं, खालचा दगड जागेवर आणि वरचा वाऱ्यावर फिरतो, वरून गहू पडतो आणि पन्हळीतून पीठ खाली येतं. मी हात घालून बघितलं, पीठ कोमट लागतं, वास तर असा की बस. तिथला माणूस वारा बघून पात्यांची शिडं कमी-जास्त करतो, लाकडाची दातेरी चाकं करकरत असतात आणि वर गच्चीवर उभं राहिलं की सगळं गाव दिसतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात तिथं ट्युलिप टाइम असतो, तीन दिवस. १९३५ ला सुरू झाला तेव्हा फुलं लावायला वेळच नव्हता तर लाकडाची ट्युलिप करून लावली होती, आता प्रत्येक घरापुढं, चर्चपुढं, कालव्याच्या दोन्ही बाजूंनी खरी. दर पानगळीत गावकरी कांदे पुरतात, सगळा हिवाळा ते बर्फाखाली आणि एप्रिलअखेर कोंब. लाल, पिवळी, जांभळी, आणि एक जवळजवळ काळं, ते मी पहिल्यांदाच बघितलं. मिरवणुकीच्या आधी गावचा प्रमुख येऊन रस्ता तपासतो आणि जाहीर करतो की रस्ता घाण आहे! की मग बाया-बापे, पोरंटोरं बादल्या आणि झाडू घेऊन रस्ता घासून धुतात, आपल्याकडं पालखी यायच्या आधी सडा घालतात ना अगदी तसं, आणि मग लाकडी बूट घालून शाळेतली मुलं नाचतात, डांबरी रस्त्यावर शेकडो लाकडी बुटांचा एका तालात आवाज, तो कानातून जात नाही. टोप्या पण एकेका प्रांताच्या वेगवेगळ्या, आज्या घरी शिवतात नातींसाठी. पावणेदोनशे वर्षं झाली गाव सोडून तरी आजी नातीला टोपी शिवते. आपली छोटी पण इथं वाढतेय, तिला पुढं आपलं किती येईल ही काळजी मला रात्री-अपरात्री सतावते, आणि पेलाला गेलं की जरा धीर येतो, म्हणून मी वर्षातून निदान एकदा तिला तिथं नेतेच.

तिथं खायला जार्स्माची बेकरी आहे, १८९८ पासूनची. एस अक्षराच्या आकाराचं खुसखुशीत काहीतरी असतं, आत बदामाचं गोड सारण, वर साखर. आई, तुला आवडेल, करंजीचं सारण जरा ओलसर केलं तर जवळपास जाईल.

बाकीचं भरभर सांगते. राजधानीची इमारत आहे, पाच घुमट, मधल्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख, उन्हात लांबून चमकतो. डाउनटाउनमध्ये शिल्पांची बाग आहे, फुकट, तिथं अक्षरांचा बनवलेला पांढरा माणूस बसलाय, आत जाऊन बसता येतं, छोटीची आवडती जागा. देऊळ मॅड्रिड नावाच्या गावाजवळ, चारी बाजूंनी मक्याचं शेत आणि मधे गोपुर, आण्णा तुम्हाला गाडीतून ते दिसलं की बरं वाटेल. देवळातून परतताना जवळच नदीवरचा जुना रेल्वेमार्गाचा पूल लागतो, आता पायी चालायला केलाय, तेरा मजले उंच, रात्री निळे दिवे लावतात. पूर्वी तिथं कोळशाच्या खाणी होत्या म्हणून पुलावरच्या लोखंडी चौकटी खाणीत उतरतोय अशा वाकड्या-तिकड्या रचल्यात. आजीला व्हीलचेअरवर नेता येईल, रस्ता सपाट आहे.

एक मजेची पद्धत राहिली. हॅलोविनला सगळीकडं पोरं घरोघर चॉकलेट मागतात, पण या शहरात मागायच्या आधी दारात उभं राहून एक विनोद सांगावा लागतो, मगच मिळतं. १९३८ ला पोरांची दंगामस्ती फार वाढली म्हणून गावानं हा प्रकार काढला आणि तो टिकला. छोटीनं आठवडाभर पाठ केला होता आणि शेजारचे आजोबा, ऐंशीच्या पुढचे, खुर्ची टाकून दारातच बसलेले, प्रत्येक पोराचा विनोद पूर्ण ऐकून हसत होते, एकाचाही तोडला नाही.

आता तारखांचं. जत्रा ऑगस्टमध्ये असते, राज्याची जत्रा, दहा लाखांवर माणसं येतात, बैलांची, डुकरांची, मक्याच्या कणसांची स्पर्धा असते आणि १९११ पासून लोण्याची गाय करतात, खऱ्या आकाराची, आत लाकूड आणि जाळीचा सांगाडा आणि वर अडीचशे किलोपेक्षा जास्त लोणी, काचेच्या थंड खोलीत ठेवतात. २००६ पासून सारा प्रॅट नावाची बाई ती घडवते, हातानं लोणी थापून थापून, गाईच्या पोटावरच्या शिरासुद्धा दिसतात. तेच लोणी पुढच्या वर्षी परत वापरतात, वाया घालवत नाहीत. पण ऑगस्ट म्हणजे तुमची फवारणी-खुरपणी आणि पाठोपाठ पोळा, पोळ्याला तुम्ही घर सोडणार नाही हे मला माहिती आहे. म्हणून ट्युलिप धरा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, मेचा सगळा महिना इथं आणि मृगाच्या आधी परत, पेरणीला तुम्ही बांधावर. मोसंबीच्या पाण्याचं दादा बघेल, मी त्याच्याशी बोललेय, तो हो म्हणालाय.

मेमध्येच इथं मक्याची पेरणी चालू असते, एकेक मशीन एका वेळी चोवीस-चोवीस ओळी पेरतं. त्या बाईनं, सभागृहात भेटलेल्या, तिच्या वडिलांच्या शेतावर यायला सांगितलंय, म्हणाली तुझे वडील आले की मशीनमध्ये शेजारी बसवू.

आजीसाठी जाड शाल आणि पायमोजे घ्या, सुरवातीला गारठा असतो. मेतकूट आणि थोडा काळा मसाला आणा, मोसंबी मात्र नको, विमानतळावर काढून घेतात. दादा, तिघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो स्पष्ट काढून आजच पाठव, व्हिसाचा फॉर्म मी भरते.

तुमची,
ताई