ओस्वाल्डचा आजार आणि निसर्गवादी नाटकातील आनुवंशिकता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आधुनिक नाटकावर जो दीर्घ लेख प्रसिद्ध झाला, त्यात निसर्गवादी (म्हणजे माणूस आनुवंशिकता आणि परिस्थिती यांनी घडतो, या दृष्टीने लिहिणाऱ्या) नाटककारांनी माणूस आपल्या रक्तापुढे हतबल असतो हे रंगमंचावर सिद्ध करून दाखवले, अशा अर्थाचे विधान आहे. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि फ्रेंच कादंबरीकार झोला, नॉर्वेजियन नाटककार इब्सेन यांच्यासाठी मराठी वृत्तपत्राने एवढी जागा द्यावी, याचा आनंदही आहे. परंतु हे विधान मला मान्य करता येत नाही. नाट्यशास्त्राच्या वर्गांतूनही ते इतक्या सहजपणे सांगितले जाते, की मूळ नाटके पुन्हा उघडून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. माझे म्हणणे असे आहे की या नाटकांपैकी जी उत्तम आहेत, त्यांत आनुवंशिकता हा सिद्धान्त म्हणून मांडलेला नसून, कोणीतरी कोणावर तरी केलेला आरोप म्हणून तपासायला घेतलेला आहे. आणि हा आरोप करणारी पात्रे कोण आहेत, याकडे नाटककाराने आपले लक्ष मुद्दाम वेधले आहे.

आनुवंशिकतेचा विचार या साहित्यात शिरला तो मुख्यतः एमिल झोला यांच्यामुळे, हे खरेच आहे. क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रायोगिक वैद्यकावरील 1865 च्या ग्रंथाचा आधार घेऊन लेखकानेही माणसाकडे प्रयोगशाळेतल्या नजरेने पाहावे, असा आग्रह झोला यांनी 1880 च्या सुमारास धरला, आणि 1871 ते 1893 या काळात एकाच कुटुंबाच्या पिढ्यांवर वीस कादंबऱ्या लिहिल्या. मात्र त्या काळी आनुवंशिकतेचे शास्त्र म्हणावे असे फारसे काही हाती नव्हते. मेंडेल यांचा वाटाण्यांवरील निबंध 1866 मध्ये छापला गेला, तरी 1900 पर्यंत त्याची दखल जवळपास कोणी घेतली नाही. त्यामुळे नाक-डोळ्यांप्रमाणेच व्यसन, वेड आणि बदफैलीपणाही पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातो, ही समजूतच त्या काळी शास्त्र म्हणून वावरत होती. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्या आपल्या आजी-आजोबांपेक्षा ती फार वेगळी नव्हती.

आता इब्सेनच्या ‘घोस्ट्स’कडे वळतो, कारण लेखातील विधानाचा सारा भार याच नाटकावर आहे. डिसेंबर 1881 मध्ये ते पुस्तकरूपाने निघाले तेव्हा स्कँडिनेव्हियातील प्रतिष्ठित नाट्यगृहांनी ते नाकारले; पहिला प्रयोग मे 1882 मध्ये थेट शिकागोत झाला; आणि 1891 मध्ये लंडनमध्ये खासगी प्रयोग झाला तेव्हा तिथल्या एका बड्या दैनिकाने त्याची तुलना उघड्या गटाराशी केली. दिवंगत कॅप्टन आल्विंग यांचा मुलगा ओस्वाल्ड पॅरिसहून घरी परततो, आणि वडिलांच्या स्वैर जगण्यातून आलेला रोग त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचलेला आहे, हे हळूहळू उघड होते. कथानक एवढेच सांगितले, तर रक्त हेच प्रारब्ध हा निष्कर्ष अटळ वाटतो. संहिता वाचू लागले की तो डळमळू लागतो.

ओस्वाल्ड वडिलांचा पाइप ओढत पहिल्यांदा प्रवेश करतो, तेव्हा त्याच्यात बाप दिसतो तो पाद्री मँडर्सना. ओठांच्या कोपऱ्यांत आल्विंगची आठवण करून देणारे काहीतरी आहे, असे ते म्हणतात. मिसेस आल्विंग ते ताबडतोब खोडून काढतात आणि मुलाच्या जिवणीत आपल्याला उलट धर्मोपदेशकाची ठेवण दिसते, असे सांगतात. दोघेही एकाच चेहऱ्याकडे पाहत आहेत आणि ज्याला जे पाहायचे आहे, ते त्याला त्या चेहऱ्यात सापडते आहे. पुढे घरातली मोलकरीण रेजिना हिला आपणही कॅप्टनचीच मुलगी असल्याचे समजते, तेव्हा ओस्वाल्ड बापावर गेला असेल तर मी आईवर गेले असणार, असे म्हणून ती घर सोडते. एकाच बापाची ही दोन मुले. एक मरणाच्या दारात आहे आणि दुसरी धडधाकट. आनुवंशिकता हा अभेद्य नियम म्हणून मांडायचा असता, तर इब्सेनसारख्या काटेकोर रचनाकाराने ही निरोगी मुलगी त्याच घरात, त्याच अंकांत उभी केली असती का?

माझ्या दृष्टीने नाटकाचे मर्म दुसऱ्या अंकातील ओस्वाल्डच्या कबुलीत आहे. पॅरिसच्या डॉक्टरांनी त्याला जन्मापासूनच आत कीड लागलेली आहे असे सांगितले आणि बापाच्या पापांची फळे मुलांना भोगावी लागतात, हे वचन ऐकवले. ओस्वाल्डने ते मानले नाही. पुरावा म्हणून त्याने आईची पत्रे काढली, त्यांतला वडिलांच्या थोरवीचा मजकूर डॉक्टरांना भाषांतर करून दाखवला, आणि डॉक्टरांना आपले निदान मागे घ्यावे लागले. मग उरले एकच कारण, ते म्हणजे ओस्वाल्डचे स्वतःचे वागणे. चित्रकार मित्रांसोबत आनंदाने घालवलेले दिवसच आपल्याला भोवले, या समजुतीने तो आतून पोखरला गेला आहे. म्हणजे रोग शरीरात होता हे खरे, पण त्या रोगाबरोबर आलेला अपराधभाव आईने अत्यंत प्रेमाने लिहिलेल्या खोट्या पत्रांनी त्याच्या पदरात टाकला. समोर बसून हे ऐकणाऱ्या आईला हे सारे कळते आहे आणि तिला बोलता येत नाही. हा प्रसंग रंगमंचावर उभा राहतो तो या न बोलता येण्यावर. जीवशास्त्राचा त्यात वाटा आहे, पण तो दुय्यम आहे.

याच आईने सातव्या वर्षी मुलाला घरापासून दूर पाठवले, घरातल्या विषारी हवेत त्याने श्वास घेऊ नये म्हणून. नवऱ्याच्या ज्या संपत्तीमुळे तो त्या काळी चांगले स्थळ ठरला होता, तेवढी रक्कम मोजून तिने ती अनाथालयाला दिली, कारण मुलाला जे मिळेल ते फक्त आपल्याकडून मिळावे, अशी तिची इच्छा होती. अनाथालय जळून जाते, त्याचा विमाही उतरवलेला नसतो. बापाचा अंश मुलाच्या आयुष्यातून हिशेब करून वजा करता येईल, हा तिचा भाबडा विश्वास इब्सेनने किती करुणेने मोडला आहे! आणि मृत माणसांविषयीच्या तिच्या त्या प्रसिद्ध संवादात ती फक्त आई-बापांकडून आलेल्या गोष्टींवर थांबत नाही. मेलेल्या कल्पना, मेलेल्या श्रद्धा आपल्यात चिकटून राहतात आणि आपण त्यांना झटकू शकत नाही, हे ती सांगते. कर्तव्याच्या नावाखाली तिला नवऱ्याकडे परत पाठवणारे मँडर्स त्या वेळी तिच्यासमोरच बसलेले असतात.

वैद्यकाने पुढे काय सांगितले, तेही येथे नोंदवायला हवे. नाटकात रोगाचे नाव कुठेही घेतलेले नाही, पण तो उपदंश (सिफिलिस हा गुप्तरोग) आहे हे त्या काळच्या वाचकालाही उमगत होते. 1905 मध्ये शाउडिन आणि हॉफमान यांनी त्याचा जंतू शोधून काढला. उपदंश जन्मतः मुलात येतो तो गर्भावस्थेत आईकडून झालेल्या संसर्गाने; जनुकांशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच गरोदर स्त्रियांची आज त्यासाठी रक्ततपासणी करतात आणि वेळेवर पेनिसिलिन दिल्यास बाळ वाचते. या हिशेबाने ओस्वाल्डला जन्मतः रोग असेल, तर तो मिसेस आल्विंग यांच्या शरीरातूनच आला असला पाहिजे, आणि नाटक त्यांच्या आजाराविषयी अवाक्षर काढत नाही. इब्सेनचे वैद्यक चुकले, तरी नाटक सव्वाशेहून अधिक वर्षे टिकून आहे. आनुवंशिकतेचा सिद्धान्त हाच त्याचा पाया असता, तर ते 1905 नंतर इतिहासजमा झाले असते.

स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने ‘मिस ज्युली’च्या 1888 च्या प्रस्तावनेत तर नायिकेच्या शोकांतिकेची कारणे एकापुढे एक मांडली आहेत: आईचा स्वभाव, वडिलांनी दिलेले चुकीचे वळण, वाग्दत्त वराचा प्रभाव, वडिलांची गैरहजेरी, उत्सवाची रात्र, नाच, फुलांचा वास. आईकडून आलेले हे त्यांतले एक कारण, आणि एका कारणावर समाधान न मानणे यालाच तो आपला आधुनिकपणा म्हणतो. इब्सेनच्याच ‘अ डॉल्स हाउस’मधले डॉ. रँकही वडिलांच्या चैनीची शिक्षा आपला कणा भोगतो आहे, असे म्हणतात. पण त्याच नाटकात खोटे बोलणाऱ्या आईमुळे मुले बिघडतात, हे हेल्मरचे वाक्य त्याची पत्नी नोरा हिच्या मनात जी भीती पेरते, तिचे परिणाम कितीतरी दूरगामी आहेत.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जर्मन नाटककार गेरहार्ट हाउप्टमान यांचे ‘सूर्योदयापूर्वी’ हे नाटक, ज्याचा उल्लेख आपल्या लेखात नाही. बर्लिनच्या ‘फ्राय ब्यूने’ या संस्थेने ऑक्टोबर 1889 मध्ये त्याचा पहिला प्रयोग केला आणि तो प्रेक्षागृहातल्या गोंधळामुळे गाजला. शेताखाली कोळसा सापडल्याने अचानक श्रीमंत झालेले सायलेशियातील एक शेतकरी कुटुंब दारूत बुडालेले आहे. त्या घरातील हेलेन ही एकटी निर्व्यसनी, संवेदनशील मुलगी समाजसुधारक लोथच्या प्रेमात पडते. डॉक्टर शिमेलफेनिग लोथला घरातल्या व्यसनाची हकीकत सांगतो. पण असे दोष दबले गेल्याची उदाहरणे आहेत आणि तू तर मुलांना नीट वाढवशील, असेही तोच सांगतो. लोथ ऐकत नाही. निरोगी वंश पुढे न्यायचा हा त्याचा निश्चय असल्याने तो एक चिठ्ठी ठेवून निघून जातो, आणि हेलेन स्वतःला संपवते. तिच्या अंगी व्यसनाचे एकही लक्षण नाटकभर दाखवलेले नाही. तिचा बळी जातो तो आनुवंशिकतेवरील एका सज्जन माणसाच्या निष्ठेने. लोथ हे पात्र हाउप्टमान यांनी आपले मित्र आल्फ्रेड प्लोएट्झ यांच्यावरून बेतले होते, आणि याच प्लोएट्झ यांनी 1895 मध्ये ‘वंशस्वास्थ्य’ ही संज्ञा रूढ केली. जुलै 1933 मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला, त्यात तीव्र मद्यासक्तीही समाविष्ट होती. हाउप्टमान यांना 1889 मध्ये यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी एखाद्या मुलीकडे न पाहता तिच्या वंशाकडे पाहणारा माणूस किती निर्मळ मनाने क्रूर होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून ठेवले.

हा वाद आपल्याला परका नाही. बिजासारखेच फळ येणार, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते, आणि जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी व्यवस्था याच विश्वासावर उभी राहिली. जातीच्या समर्थनार्थ वंशशुद्धीचा जीवशास्त्रीय युक्तिवाद केला जातो, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1936 च्या आपल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात त्याचा सविस्तर समाचार घेतला आहे. म्हणून माणूस रक्तापुढे हतबल असतो हे वाक्य महाराष्ट्रात छापताना, ते जणू विज्ञानाने आणि थोर नाटककारांनी मिळून दिलेले प्रमाणपत्र आहे असा समज होऊ नये, याची काळजी घ्यायला हवी. आपल्या रंगभूमीनेही नॉर्वेकडून घेतले ते लग्नापूर्वीच्या वागणुकीबद्दल स्त्री-पुरुषांना एकच न्याय मागणारे नाटक: 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने सादर केलेले ‘आंधळ्यांची शाळा’ हे नॉर्वेजियन नाटककार ब्यर्न्सनच्या नाटकावर आधारलेले होते.

माझी विनंती अशी की, लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास त्यात हाउप्टमान यांच्या या नाटकाला जागा मिळावी. आणि ‘घोस्ट्स’ करू पाहणाऱ्या तरुण दिग्दर्शकांनी ओस्वाल्डच्या शेवटच्या झटक्यावर जेवढी तालीम घ्यावी, तेवढीच, किंबहुना त्याहून अधिक, पत्रांच्या त्या प्रसंगातल्या मिसेस आल्विंगच्या गप्प राहण्यावर घ्यावी.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली