पक्ष सोडायचा तर आमदारकीही सोडा

माननीय संपादक,

गोव्यात विधानसभा निवडणुकीचे वारे वाहू लागले आणि आमच्या वाड्यावर गाड्यांची ये-जा वाढली. गेल्या आठवड्यात एक इच्छुक उमेदवार घरी आले. सोप्यावर बसून रस्ता, पाणी, सरकारी नोकऱ्या सगळे बोलून झाले. माझ्या आईने एकच विचारले, "बाबा, निवडून आल्यावर याच पक्षात राहशील ना?" त्यांनी अंगणातल्या तुळशीकडे बघून हात जोडले. आई काही न बोलता कप उचलून आत गेली.

जानेवारी २०२२ ती विसरलेली नाही. काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. १४ फेब्रुवारीला मतदान झाले आणि १४ सप्टेंबरला त्यांच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. देवाला विचारून निर्णय घेतला, असे त्यांच्यातले एक, माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितले. आमच्या गावात देवीला प्रसाद लावतात, म्हणजे मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावून कौल मागतात, तेव्हा पाकळी पडेपर्यंत कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. अशा माणसांना ते वाक्य किती लागले असेल!

हे मी एका पक्षाच्या बाजूने लिहीत नाही. १९९० मध्ये खुद्द सभापती लुईस प्रोत बार्बोझा काँग्रेस सोडून मुख्यमंत्री झाले. २०१९ मध्ये मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तिघांपैकी दोघे भाजपमध्ये गेले, काँग्रेसच्या पंधरापैकी दहा गेले. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याला सूट आहे. आमच्या चाळीस जणांच्या विधानसभेत एवढी माणसे जमवायला कितीसा वेळ लागतो? दुसरी वाटही आहे. २०१७ मध्ये विश्वजीत राणे यांनी काँग्रेसची आमदारकी सोडली, वाळपईत भाजपतर्फे पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. त्यांचे पक्ष बदलणे मला पटले नव्हते, पण त्यांनी मतदारांना पुन्हा विचारले, हे मान्य करावेच लागेल.

शपथा आता पुरे. जाणाऱ्याला आपण शिव्या घालतो, घेणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. दुसऱ्या पक्षाच्या आमदाराला राजीनाम्याशिवाय आम्ही घेणार नाही, असे प्रत्येक पक्षाने जाहीरनाम्यात लिहावे. विलीनीकरणाची सूट रद्द करण्याची मागणी गोव्याच्या खासदारांनी संसदेत लावून धरावी. येत्या रविवारी आमच्या वाड्यावर कोपरा बैठक आहे. तिथे पहिला प्रश्न हाच विचारायचा, असे आम्ही शेजाऱ्यांनी ठरवले आहे.

एक मतदार,
डिचोली तालुका