वेगवेगळी तिकिटे काढताना

संपादक महोदय,

स्वस्त पडते म्हणून अनेकजण परदेश प्रवासाच्या दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढतात. पण दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) नसतील, तर सामान सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जात नाही. मधल्या विमानतळावर ते पट्ट्यावरून उचलायचे म्हणजे इमिग्रेशन ओलांडणे आले, आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. तो नसेल तर निघतानाच चेक-इन काउंटरवर अडवतात. शिवाय पहिले विमान रखडले, तरी दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. तरीही अशी तिकिटे काढायचीच तर केबिनपुरतेच सामान, ऑनलाइन चेक-इन आणि मध्ये किमान सहा तास हवेत. दुसरे विमान दिवसातले शेवटचे असेल तर त्याहूनही जास्त. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांनी ही सूचना पैसे भरण्याआधी ठळक अक्षरांत द्यावी, ही कळकळीची मागणी.

– एक प्रवासी