सईस, नोकरी सोडल्याचं कळल्यावर

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. टोकियोतली नोकरी सोडून नाटक शिकायचं ठरवलंस, ठीक आहे. आता व्हिसाचं काय, तेवढं कळव. बाकी मी काही विचारणार नाही.

जपानी नट तात्सुया नाकादाई ९२व्या वर्षी गेल्याचं नोव्हेंबरात तूच कळवलंस, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आपण त्याचा 'रान' सिनेमा पाहिला तेव्हा तू केवढीशी होतीस! जळत्या किल्ल्यातून तो म्हातारा राजा बाहेर पडला आणि तू माझा दंड घट्ट धरलास. राजा झालेला नाकादाई तेव्हा जेमतेम पन्नाशीचा. फुजी पर्वताच्या उतारावर बांधलेला किल्ला खरोखरच पेटवलेला, म्हणजे दुसरा टेक नाहीच. मागे धूर, समोर उभा जिना, पाय घसरला की सगळं मुसळ केरात. आणि हा पठ्ठ्या शून्यात बघत पायऱ्या उतरतो.

पण त्याची सुरुवातही बघ. 'सेव्हन सामुराय'त नुसतं काही सेकंद चालायचं होतं. दिग्दर्शक कुरोसावांनी सकाळपासून दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा चालवलं, वर श्रेयनामावलीत नावही नाही. हे सोसायला पोटात अन्न लागतं, खोलीचं भाडं लागतं आणि पासपोर्टवर शिक्का लागतो. झालं, आलोच मी व्हिसावर. लेक्चर द्यायचं नव्हतं गं, माफ कर.

रंगभूमी सुटू नये म्हणून त्याने कुठल्याच स्टुडिओशी कायमचा करार केला नाही. १९७५ साली बायकोबरोबर मुमेइजुकु ही अभिनयशाळा काढली, नट घडवायला. टोकियोतल्या चियोदा वॉर्डाच्या कचेरीतली नोकरी सोडून कोजी याकुशो तिथेच शिकला आणि २०२३ला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. हे तू मला ऐकवणारच, म्हणून आधीच लिहून टाकतो. पण सई, त्याला तिथे राहायला व्हिसा लागत नव्हता!

गॅदरिंगला आजीचं नऊवारी नेसून म्हातारी झाली होतीस, आठवतं? अण्णा पहिल्या रांगेत बसून रडले. मी दाराशी उभा होतो. तू वाक्य विसरशील या भीतीने आत येववेना. तू एकही विसरली नाहीस.

पैसे लागले तर मला सांग, दादाला नको.

आईच्या कानावर अजून घातलेलं नाही. रविवारी फोनवर तूच सांग, मी शेजारी बसतो. व्हिसाच्या कागदांचे फोटो मात्र शनिवारपर्यंत पाठव.

तुझा,
बाबा