पोर्शे गेल्यानंतर बापूस पत्र

भुसावळ,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

येथे सर्व खुशाल आहेत. थंडी पडू लागल्यापासून आईचा गुडघा पुन्हा दुखतो, एवढेच. मोटारींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक मालिकेतली बहारीनची आठ तासांची शर्यत काल मध्यरात्री संपली, टोयोटाच्या दोन्ही गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या, वर्षभरातला आपला पहिला विजय पदरात पडला, आणि तरीही मला झोप लागली नाही. घरात हे कोणाला सांगावे? रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये सांगितले तर लोक विचारतील की तुझीच गाडी जिंकली ना, मग तोंड का उतरले आहे. हे तुलाच कळेल, कारण काल तुझी पोर्शे जागतिक मालिकेतून शेवटची धावली.

पोर्शे ही मालिका सोडणार अशी बातमी ऑक्टोबरमध्ये आली त्या दिवसापासून तू या विषयावर एक अक्षर काढलेले नाहीस. फुजीच्या शर्यतीपर्यंत सकाळी साडेसातपासून मला निरोपांनी भंडावून सोडणारा माणूस अचानक केवळ दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो, तेव्हा त्याला किती लागले आहे हे मी ओळखतो. मी फोन केला नाही, कारण फोनवर तू विषय बदलला असतास. पत्र मध्येच थांबवता येत नाही.

हे वर्ष फेरारीचे होते हे मान्यच करावे लागेल. कतार, इमोला, स्पा आणि ल मान्स या पहिल्या चारही शर्यती त्यांच्या गाड्यांनी जिंकल्या, आणि काल उत्पादकांचा जागतिक किताबही त्यांच्याकडे गेला, जो त्यांना १९७२ नंतर मिळाला नव्हता. पण मला वर्षभरातून एकच गोष्ट आठवत राहते, ती म्हणजे जूनमधली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीची अखेर. पिवळी त्र्याऐंशी नंबरची फेरारी पुढे, तुमची सहा नंबरची पोर्शे मागे, ३८७ फेऱ्या, म्हणजे पाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर कापल्यावर दोघींत अंतर किती, तर चौदा सेकंदांचे! एवढा वेळ आपल्याकडे रेल्वे फाटकावरचा माणूस गाडी न्यूट्रलला टाकायला घेतो. शेवटच्या टप्प्यात पिवळ्या गाडीचा चालक कुबिका होता, ज्याचा उजवा हात २०११ च्या रॅलीतल्या अपघातात जवळजवळ तुटून निघाला होता. आणि त्याच्या जोडीचा एक चालक ये यीफेई. आठवते ना, २०२१ मध्ये हेच दोघे एलएमपी-टू या दुय्यम वर्गात पुढे असताना अखेरच्या फेरीत गाडी बंद पडली होती? चार वर्षांनी दोघे मिळून संपूर्ण शर्यत जिंकले. त्या संध्याकाळी तू हरलास तरी मला फोन करून म्हणालास, ‘कुबिकासाठी चालेल.’ तुझ्या तोंडून असे वाक्य मी प्रथमच ऐकले.

माझी काळजी नेमकी येथूनच सुरू होते. चौदा सेकंद मागे कोणी होते म्हणून तो विजय एवढा मोठा झाला. पुढच्या जूनमध्ये तिथे कोण असेल?

तू लगेच २०१८ काढशील, हे मला ठाऊक आहे. त्या वर्षी टोयोटाने ल मान्स प्रथमच जिंकले आणि मी पेढे घेऊन तुझ्याकडे आलो, तर तू पेढा तोंडात घालून विचारलेस, ‘समोर कोन व्हतं रे भो?’ ऑडी २०१६ च्या अखेरीस गेली होती, पोर्शे २०१७ च्या अखेरीस, आणि हायब्रिड गाड्या घेऊन कारखान्याचा संघ म्हणून टोयोटा एकटीच उरली होती, हे सगळे खरे. पण मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो की चोवीस तास स्वतःच एक प्रतिस्पर्धी असतात. २०१६ चा तो रविवार मी विसरलेलो नाही. शेवटची काही मिनिटे उरली होती, नाकाजिमाची पाच नंबरची टोयोटा आघाडीवर होती, आणि टर्बो व इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड निकामी झाल्याने ती सुरुवातीच्या रेषेपाशीच उभी राहिली. पुढे ती कशीबशी एक फेरी फिरली, पण त्या फेरीला इतका वेळ लागला की निकालात तिची गणनाही झाली नाही. तू असा ओरडलास की अप्पा देवापाशी दिवा लावायचे सोडून धावत आले आणि माझा चेहरा पाहून ‘कोणी गेले का?’ असे विचारू लागले. मी शेडमधला माणूस आहे. हजारो अश्वशक्तीचे इंजिन एका सैल जोडणीपायी सेक्शनमध्ये उभे राहिलेले मी पाहिले आहे, म्हणून तो जोड मला तुझ्यापेक्षा जास्त दुखला. त्यानंतर दोन वर्षांनी तीच शर्यत बिनचूक पार करणे याला मी विजयच म्हणेन, समोर कोणी असो वा नसो.

मात्र तेवढ्यावर मालिका जगत नाही, हेही मला दिसते. १९९२ नंतर जुनी जागतिक स्पर्धा बंदच पडली. २०१२ मध्ये नवी मालिका सुरू व्हायच्या तोंडावर प्यूजो निघून गेली. मोठ्या कंपन्या येतात, पैसा ओततात, आणि विक्रीचे आकडे बिघडले की संचालकांच्या एका बैठकीत सगळे आवरते घेतात. पोर्शेने १९७० पासून ल मान्स एकोणीस वेळा जिंकले, दुसऱ्या कोणाचाही आकडा त्याच्या जवळ नाही. तीसुद्धा अशी जाऊ शकते, तर फेरारीची किंवा माझ्या टोयोटाची हमी कोण देणार? त्यात तो बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स. वेगवेगळ्या गाड्या बरोबरीने धावाव्यात म्हणून वजन आणि शक्ती कमी-जास्त करायची, आणि संघांनी त्यावर जाहीर बोलायचे नाही, हा नियम मला कधीच पटला नाही. जिंकणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात आणि हरणाऱ्याला तोंड उघडता येत नाही.

तरीही मैदान ओस पडलेले नाही. २०१८ ला एकटी टोयोटा होती. आज फेरारी, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, प्यूजो, अल्पीन, ॲस्टन मार्टिन आहेत, पुढच्या वर्षी जेनेसिस येते आहे, २०२७ मध्ये फोर्ड आणि मॅकलॅरेन येणार आहेत. यंदाच्या आठ शर्यतींत पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या जिंकल्या, त्यातली ऑस्टिनची पावसातली शर्यत तुझ्याच सहा नंबरची. त्या गाडीला बहारीनला जाईपर्यंत चालकांच्या किताबाची संधी होती. अशी गाडी जागतिक मालिकेतून काढून घेतात, यावर मला संताप येतो, आणि टोयोटाचा माणूस असूनही येतो.

माझी खरी भीती आता लिहून टाकतो. पोर्शे नाही म्हणून तू पाहणे सोडशील. मग ल मान्सची रात्र मी कोणाशी भांडत काढू?

वहिनींची बदली झाली का? धाकटीचे बारावीचे वर्ष आहे, तिला माझे आशीर्वाद. चाकणच्या नव्या घराचे हप्ते सुरू झाले असतील, तब्येतीला जप.

तुझी ती पोर्शे ९६३ अमेरिकेतल्या मालिकेत धावतच राहणार आहे. डेटोनाचे चोवीस तास पोर्शेने २०२४ मध्ये जिंकले आणि २०२५ मध्येही, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती पुन्हा तेथे असेल. आपल्याकडे ती शर्यत शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते, म्हणजे पूर्ण रविवार मिळतो. तेव्हा बामणोदची वांगी भरात असतात. शेतावर काट्या पेटवून भरीत करू, कळण्याच्या भाकरी आई करणार आहे, आणि टोयोटा तिथे नसल्याने मी त्या दिवसापुरता तुझ्या बाजूने ओरडेन. रजेचा अर्ज आताच टाक आणि गाडीचे आरक्षण झाले की तारीख कळव. अप्पांनाही सोबत आण.

तुझाच,
भाऊ