टूरचा अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं टूरचं पत्रक बघितलं. सात देश, त्यात आमच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या वाट्याला अर्धा दिवस, म्हणजे कॅनॉलमधून बोटीची एक चक्कर, चीजचं दुकान आणि चला परत बसमध्ये. एवढ्यासाठी कशाला पैसे घालवता, सरळ माझ्याकडे या आणि निवांत राहा ना!

बोटीत आपणही बसू, पण मला तुम्हाला काठावरची घरं दाखवायचीत. जुनी, तीन-चारशे वर्षांची, आणि जिने इतके अरुंद की कपाट वर जाणंच शक्य नाही, म्हणून माळ्यापाशी बाहेर तुळई काढलेली असते, तिला हुक, सामान दोरीने ओढून खिडकीतून आत घ्यायचं, आणि ते भिंतीला घासू नये म्हणून कितीतरी घरं मुद्दाम पुढे झुकवून बांधलीयत. काही मात्र खरंच खचलीयत, ती कुठली ते बाबा तुम्हीच ओळखा, पीडब्ल्यूडीत जन्म गेलाय तुमचा. डाम चौकातला राजवाडा तर 13,659 लाकडी खांबांवर उभा आहे! लाकूड पाण्याखाली असेपर्यंत टिकतं, पाणी उतरून हवा लागली की कुजायला लागतं.

राइक्सम्युझियमला, म्हणजे इथल्या राष्ट्रीय संग्रहालयाला, अख्खा दिवस ठेवू. लिफ्ट आहे, व्हीलचेअर मिळते, गुडघ्यांची काळजी नको. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्रासमोर (1642 चं) ही झुंबड असते, ते 1715 मध्ये टाउन हॉलच्या भिंतीवर मावेना म्हणून चक्क चारी बाजूंनी कापलं होतं, काय म्हणावं या लोकांना. 2019 पासून काचेच्या खोलीत लोकांसमोरच त्याच्या जतनाचं काम चाललंय. आणि हाच रेम्ब्रांट, कधी हॉलंडबाहेर न गेलेला, मुघल चित्रं समोर ठेवून जहांगीर-शहाजहानची चित्रं काढत बसायचा, हे मला इथे आल्यावर कळलं.

पण आई, तुला मी नेणार ती व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईकडे. चित्र एवढंसं, दीड फुटाचंही नाही. बाही वर सारलेली, तोंडातून शब्द नाही, सगळं लक्ष त्या दुधाच्या धारेवर. मागच्या रिकाम्या भिंतीत एक खिळा ठोकलाय आणि त्याची सावलीसुद्धा काढलीय बघ, शेजारी उपटलेल्या खिळ्यांची भोकं. मी तिथून लवकर हलत नाही, तूही हलणार नाहीस.

त्या डायरीवाल्या अ‍ॅन फ्रँकच्या घराचे जिने फार उभे आहेत, बाबांना झेपणार नाहीत. तिकिटं फक्त ऑनलाइन, तीही सहा आठवडे आधी मंगळवारी सुटतात आणि पटापट संपतात. आपण दोघी जाऊ. तसंच ते माळ्यावरचं चर्चही, बाहेरून साधं घर, कॅथलिकांना उघड पूजेची बंदी होती तेव्हा वर लपवून बांधलेलं. तोवर बाबा कॅनॉलकाठी कॉफी घेत खचलेली घरं मोजतील.

टूरवाल्याला आज-उद्या नाही म्हणून सांगा. व्हिसाच्या फॉर्मचं मी बघते, तुम्ही दोघांच्या पासपोर्टचे फोटो पाठवा, आणि बाबा, तारखा ठरवायच्या आधी गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवून या, आईला खोटं सांगू नका.

तुमची,
ताई